हरभऱ्याचे वैरी

पांढरकवड्याकडच्या वावरात हरभऱ्याला घाटे भरले की तीन जातींचे प्राणी धुरा ओलांडून आत शिरतात: रोही, रानडुक्कर आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक. पहिल्या दोघांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो, उशिरा का होईना, भरपाई मिळते. तिसऱ्या जातीला सरकारनं अजून वन्यप्राण्यांत धरलेलं नाही. तिला उलट चहा पाजावा लागतो.

मी या तिसऱ्या जातीचा. फाल्गुन लागला, नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पळस पेटला, की आमचा कळप काकांच्या वावराकडे सरकू लागतो. काका धुऱ्यावरच उभे असतात.

"या बाप्पा, या. रोही आत्ताच येऊन गेले. तुमचीच वाट पायत होतो."

मग ते कुंपणाचं झटका मशीन बंद करतात. जरा जिवावर येऊनच.

वावरात शिरल्यावर पहिला अर्धा तास आम्ही निसर्ग पाहतो. पळसाखाली फोटो होतात. मोहाखाली पडलेली फुलं कोणीतरी हुंगतं, आणि "यापासूनच ना ती...?" असा प्रश्न विचारून स्वतःच हसतं. खरं तर मोहफुलं वेचायची तर उजाडताच यावं लागतं. आसपासच्या कोलाम, गोंड बाया टोपल्या भरून घरी गेलेल्या असतात तेव्हा आमचं दात घासणं चाललेलं असतं.

अर्ध्या तासानं निसर्ग संपतो आणि हुळा सुरू होतो. हरभरा मुळासकट उपटायचा, पऱ्हाटीच्या जाळावर धरायचा, घाटे तडतडले की राखेतून वेचून तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारायची. फोलपटं शेजाऱ्याच्या डोळ्यांत, दाणे आपल्या तोंडात. बोटांना आंब लागलेली असते, त्यामुळे वेगळं मीठ-लिंबू लागत नाही. काही वेळानं सगळ्यांचे ओठ काळे होतात आणि कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला आमचा मेहुणा कोळशाच्या वखारीतून पळून आल्यासारखा दिसू लागतो. रानडुक्कर खातं कमी आणि तुडवतं जास्त, अशी काकांची तक्रार असते. आमच्याबद्दल त्यांची तीही तक्रार नाही. आम्ही सगळं खातो.

त्यावर दुपारी पानगे. पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. यानंतर आंब्याखाली जी झोप लागते तिच्याविषयी मी काही लिहू शकत नाही, कारण मी तिथं नव्हतो.

खरी परीक्षा रात्रीची. मोटरीला लाईन त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीत, त्यामुळे काका ओलितालाही जातात आणि जागलीलाही. "आम्हीही येतो मचाणावर!" असं दुपारी सगळेच म्हणतात. मग काका सहज सांगतात, की टिपेश्वरचं जंगल इथून लांब नाही. अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. वाघ वाढले, जंगल तेवढंच राहिलं. मेहुण्याची पाठ ताबडतोब दुखू लागते.

टिपेश्वरच्याच एका तरुण वाघानं २०१९ साली घर सोडलं. गळ्यात रेडिओ कॉलर बांधून तो कधी तेलंगणात, कधी महाराष्ट्रात असा तेराशे किलोमीटर चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथं शिकार होती, पाणी होतं, वाघीण मात्र एकही नव्हती. मी हे मोठ्या करुणेनं सांगत होतो. काकांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"इकडं बी लेका पोट्ट्यायच्या नावावर दहा-दहा एकर वावर आहे. त्यायले तरी कोठी पोरगी भेटते? त्या वाघाच्या नावावर तं सातबारा बी नोयता."

निघताना काकू डिकीत तुरीची डाळ, लाल मिरच्या आणि उरलासुरला हरभरा भरत होत्या. काका रिकाम्या झालेल्या वाफ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "औंदा ठरवलं. आता हरभरा बंद. करडई पेरतो. काटे असतात तिले. रोही शिरत नाही, डुक्कर शिरत नाही..."

तिसरं नाव त्यांनी घेतलं नाही, पण नजर आमच्या गाडीवर होती.

"करडईची कोवळी भाजी लय मस्त होते बरं," काकू डिकी लावत म्हणाल्या. "दिवाळी झाली का लगेच या. काटे मागून येतात."