रि. स. नं. ९०१२५

ज्या मनुष्याने आयुष्याची छत्तीस वर्षे चिकोडीच्या कचेरीत दप्तरे सोडण्यात आणि पुन्हा बांधण्यात घालविली, जो शिरस्तेदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन बोरगावास वडिलार्जित घरी ऊस आणि सांधेदुखी या दोहोंची निगा राखीत बसला आहे, आणि ज्याला घरच्या लग्नकार्यात आहेराची यादी करण्यापलीकडे दुसरे काम कोणी विश्वासाने सांगत नाही, त्याने इंग्लंडातील एका वाद्यवृंदाच्या अधःपाताचे दुःख चाळीस वर्षे उराशी बाळगावे, ही गोष्ट कोणाही समंजस गृहस्थास पटण्याजोगी नाही; माझ्या पत्नीस तर ती अद्यापि पटलेली नाही.

त्या वाद्यवृंदाचे नाव ‘येस’. आलेल्या प्रत्येक अर्जासाठी नकाराची सोज्वळ कारणे शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याला नेमके हेच नाव का मोहवून गेले, हे एखाद्या मानसशास्त्रज्ञाने सांगावे. आमच्या मातोश्रींनी ‘बँड’ एवढाच शब्द ऐकून ‘वरातीचं किती घेतात?’ अशी चौकशी केली होती; आणि त्यांचे एकेक गाणे वीस मिनिटे चालते असे मी अभिमानाने सांगताच, ‘मारुतीच्या देवळापास्नं मांडव पाच मिन्टांवर. उरलेल्या पंधरा मिन्टांत नवऱ्यामुलानं काय करायचं?’ असा बिनतोड सवाल टाकून त्यांनी तो विषय कायमचा निकालात काढला होता.

निपाणी कर्नाटकात आणि निपाणीचे देवचंद कॉलेज हद्दीपलीकडे अर्जुननगरास, म्हणजे महाराष्ट्रात, अशी आमच्याकडील विद्येची व्यवस्था असल्यामुळे ज्ञानासाठी परमुलखात जाणे आम्हा लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे (यांतील आपला मुलूख कोणता आणि परका कोणता, हा प्रश्न २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे असल्याने त्यावर मी अभिप्राय देत नाही). पदवी पदरात पडल्यावर वकिली शिकण्याच्या निमित्ताने मी बेळगावास दोन वर्षे काढली. सनद मिळाली नाही. मिळाली ती नव्वद मिनिटांची एक कॅसेट. खोलीतला माझा सोबती मडगावचा, त्याचा मामा बोटीवर, आणि मामाने कोठल्याशा बंदरातून आणलेल्या दोन तबकड्या घरी लावून, त्यांच्यापुढे टेपरेकॉर्डर धरून भाच्याने ती कॅसेट भरलेली. या पद्धतीचा परिणाम असा झाला की दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर, सारी वाद्ये अगदी मंदावली असताना, त्याच्या आईची ‘जेवपाक यो रे!’ ही हाक ठसठशीत उमटली. पुढे ती कॅसेट मी इतक्या वेळा ऐकली, तिची फीत अडकली म्हणजे पेन्सिल घालून इतक्या वेळा गुंडाळली, की ती हाक मला त्या रचनेचाच एक अवयव वाटू लागली. किंबहुना त्या ऐंशी मिनिटांत अर्थ कळावा असे वाक्य ते एवढेच होते.

‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ असे त्या १९७३ सालच्या कृतीचे नाव. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी. त्यांचा गायक जॉन अँडरसन त्या वर्षी टोकियोत असताना परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचीत होता; त्यातील एका तळटिपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची चतुर्विध विभागणी त्यास आढळली, आणि स्टीव्ह हाउ या गिटारवादकाला हाताशी धरून त्याने त्या तळटिपेवर ऐंशी मिनिटांचे संगीत उभे केले. आमच्याकडे चातुर्मासात चार-चार महिने पोथ्या लागतात, पण तळटिपेला चाल लावण्याचे धैर्य आजवर कोणा बुवाने दाखविलेले नाही. शिवाय अँडरसनला ध्वनिमुद्रण अरण्यात करावयाचे होते म्हणे. ते जमेना तेव्हा लंडनच्या स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या रचून एक लाकडी गाय आणून उभी करण्यात आली. हे ज्या दिवशी मी वाचले त्या दिवशी गोठ्यात जाऊन आमच्या गाईकडे बराच वेळ आदराने पाहत उभा राहिलो. तिला काही झाले आहे काय, म्हणून शेजारी विचारून गेले.

सुटीत घरी आलो म्हणजे हे संगीत मी परसातल्या तंबाखूच्या वखारीत ऐकत असे, कारण घरात ते कोणी ऐकू देत नसे. तंबाखूचा बारीक कस सूर्याच्या तिरिपेत तरंगतो आहे, पलीकडे बाया माल चाळीत बसल्या आहेत, आणि टेपरेकॉर्डरमधून श्रुती आणि स्मृती क्रमाने बाहेर पडत आहेत, अशा त्या वातावरणात मी डोळे मिटून समाधिस्थ होई. अर्थात दर तीन मिनिटांनी शिंक आल्यामुळे समाधी हप्त्याहप्त्याने भोगावी लागे. एकदा चाळणी खाली ठेवून एका वयस्कर बाईने फार मायेने विचारले, ‘दादा, कोण गेलं म्हणायचं?’

आता कबुलीजबाब द्यावयाचाच तर तो पुरता द्यावा. तिसरे गाणे मी आजपर्यंत शेवटपर्यंत जागेपणी ऐकलेले नाही. कधी झोप लागे, कधी केईबीची वीज जाई. त्याच्या अखेरीस फार गोड गिटार आहे असे जाणकार सांगतात आणि मीही इतरांना तसे सांगत आलो आहे. या बाबतीत मला मोठा दिलासा मिळाला तो खुद्द त्यांच्या पेटीवाल्याकडून, म्हणजे रिक वेकमन या कीबोर्डवादकाकडून. त्यास ही कृती मुळीच रुचली नव्हती. मँचेस्टरच्या जलशात वादन चालू असतानाच मदतनिसाने आणून दिलेले जेवण, कोंबडीची विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी आणि पराठा असे साग्रसंगीत, तो रंगमंचावर वाद्यांच्या आडोशाने जेवला, अशी हकीकत तो स्वतःच मोठ्या आनंदाने सांगतो. आणि १९७४ साली तो बँड सोडून गेला. मडगावच्या त्या माउलीने मारलेली हाक तिचा मुलगा ऐकत नव्हता खरा, पण ती वाया गेली नाही. ती मँचेस्टरला पोचली होती. (विंदालू आणि तीही कोंबडीची, हे ऐकून माझ्या मडगावकर मित्राला जे दुःख झाले त्याची नोंद वेगळी ठेवावी लागेल.)

एवढ्यावर सारे थांबते तर बरे होते. पण भाऊबंदकी कोणत्या घरास चुकली आहे? १९८१ पर्यंत बँड फुटला. स्टीव्ह हाउ उठून गेला आणि त्याने दुसऱ्या तिघांबरोबर ‘एशिया’ नावाचे बिऱ्हाड थाटले, ज्यात आशिया खंडातील एकही इसम नव्हता. मागे राहिलेले दोन हिस्सेदार, क्रिस स्क्वायर आणि ॲलन व्हाइट, यांनी दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर राबिन या तरुणाला कूळ म्हणून आत घेतले आणि नव्या बँडला नाव दिले ‘सिनेमा’. काम बहुतेक उरकत आल्यावर जॉन अँडरसनला बोलावून गाणी त्याच्या तोंडून वदवून घेतली, म्हणजे खरेदीखत आधी लिहून मग वारसाची सही घ्यावी तसे, आणि सही मिळताच जुने नाव पुन्हा उताऱ्यावर चढले. १९८३ अखेर नवी तबकडी बाहेर पडली. तिचे नाव ‘९०१२५’. हा आकडा म्हणजे कंपनीच्या यादीतला त्या मालाचा क्रमांक! ज्यांना एका तळटिपेतून चार शास्त्रे सुचली त्यांना आता एक नाव सुचू नये? रिसर्व्हे नंबर, पोटहिस्सा आणि आकारणी यांच्या रकान्यांतून सायंकाळी सुटका व्हावी म्हणून मी ज्यांच्या आश्रयास जात होतो, त्यांनीच मला दारात उभे करून एक नंबर हाती दिला. तीत ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ नावाचे चार-साडेचार मिनिटांचे गाणे होते. १९८४ च्या जानेवारीत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. एकाकी हृदयाचा मालक! मालकी हक्काचे वाद तरी आमच्याकडे ठेवायचे होते.

ही कॅसेट पुतण्याने बेळगावाहून आणली. मी बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसलो, मुद्रा शोकसभेस साजेशी केली आणि ऐकू लागलो. अर्धे मिनिट गेले असेल नसेल, समोर बसलेला पुतण्या माझ्या चेहऱ्याकडे न पाहता खाली पाहू लागला. मीही पाहिले. माझा उजवा पाय हलत होता. अंगठा वर, चवडा खाली, अगदी तालात. चप्पल पायातून निसटून फरशीवर पडली तरी त्याचे भान नव्हते. वखारीत इतकी वर्षे जो पाय वाद्यांच्या त्या विषम मात्रा मोजता मोजता मुंग्या येऊन बधिर होत असे, त्याने पहिल्याच मुलाखतीत शत्रूकडे फितूर व्हावे! मी त्याच्यावर डावा पाय ठेवून तो दाबून धरला. थोड्या वेळाने डावाही हलू लागला.

फितुरी आमच्या घराण्यात आनुवंशिक असावी. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणून आजोबा त्यांना जवळजवळ भाऊबंदांत धरीत. १८८० च्या ‘शाकुंतला’तल्या साक्या आणि दिंड्या एवढेच काय ते संगीत, आणि नंतरची सारी बाजारू उठाठेव, असे त्यांचे मत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ साली ‘वीरतनया’त पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या तेव्हा आजोबा रांगत होते, तरी त्या अपराधाची फिर्याद ते प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या आवेशाने सांगत. १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंब्यांनी पूरबेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्यांच्या वळणाच्या चाली दिल्या, टेंबे कोल्हापूरचे असले म्हणून त्यांस सूट मिळाली नाही. ‘लोकांना आवडावं म्हणून केलेलं ते गाणं नव्हे,’ असे आजोबा गालाला साबण लावता लावता म्हणत, आणि वस्तरा हनुवटीखाली गेला की तोंड बंद असल्यामुळे नाकातून गुणगुणत. काय गुणगुणत, तर ‘मानापमान’. त्यांच्या हनुवटीवरचे दोन व्रण त्यातल्या ताना घेण्याच्या जागी पडलेले आहेत, असे आजी सांगे. नाटकाचा घास अखेर सिनेमाने घेतला, हे त्यांच्या कैफियतीचे शेवटचे वाक्य. माझ्या माणसांनी तेच नाव आपखुशीने लावून घेतले, हे पाहावयास ते नव्हते.

तरीही हे सारे मी घरच्या घरी जिरविले असते. पण आमच्या गल्लीत तेव्हा एक बेंजो पार्टी होती. बेंजो हा शब्द ऐकून अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. आमचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणे असलेली, तारांची एक लांबोडी पेटी, मूळची जपानी, जी कर्ण्याला जोडून ढकलगाडीवर ठेवली म्हणजे तीन गल्ल्यांतील तान्ही मुले एकदम जागी होतात. त्यातल्या वादकाने आमच्या खिडकीतून ‘लोनली हार्ट’ची चाल उचलली आणि त्या वर्षीच्या गणपतीत, मागे ताशा आणि ढोल घेऊन, मारुतीच्या देवळापासून सुरू केली. माझी चार शास्त्रे, माझा वखारीतला एकांत, माझे शिंकांनी पावन झालेले तारुण्य गुलालाने माखून दारावरून चालले होते आणि सारी गल्ली त्यावर नाचत होती. मातोश्री उंबऱ्यात उभ्या राहून प्रथमच कौतुकाने म्हणाल्या, ‘तुझाच बँड न्हवं ह्यो? आता कसं सुधारलं बग.’

दुसऱ्या दिवशी मी त्या वादकाला गाठले. तो तारा पुसत बसला होता.

‘अण्णा, ह्ये बेस हाय,’ तोच आधी म्हणाला. ‘तुमच्या त्या आदल्या क्यासेटीत नुसतं ढग जमत्यात, पडत काय न्हाई. ह्यात वरात म्होरं सरकती.’

समीक्षा म्हणून याहून नेटके वाक्य मी पुढे कोठेही वाचले नाही, आणि म्हणूनच त्या माणसाशी मी सहा महिने बोललो नाही. माझे दुखणे त्याच्यापाशी बोलण्याजोगेही नव्हते. जे गाणे गावात मला एकट्याला कळत होते (कळत नव्हते, पण न कळण्याचा मक्ता माझा एकट्याचा होता) ते आता कोणालाही कळू लागले, आणि या सार्वजनिक आकलनात माझे इनाम खालसा झाले.

निवृत्तीनंतर मुलाने बंगळुरूहून ‘टोपोग्राफिक ओशन्स’ची सीडी आणून दिली. बापाने पंचेंद्रियांपैकी एक तरी कामात ठेवावे असा त्याचा हेतू. कॅसेट केव्हाच बुरशीने गेली होती. मी दार लावून घेतले. आवाज असा स्वच्छ की जणू धुऊन वाळत घातलेला. जेथे पूर्वी सरसर होती तेथे वाद्ये असल्याचे प्रथमच समजले. दुसरे गाणे सुरू झाले, वाद्ये मंदावत गेली, मी खुर्चीत पुढे सरकून बसलो. ती जागा आली. आणि गेली. हाक नाही! मी मागे नेऊन पुन्हा ऐकले, नाहीच. एवढ्या चांगल्या कृतीतला गाभाच काढून टाकला, खपाच्या लोभाने माणसे काय न करतील, असा विचार मनात येऊन मी संतापाने उठलो, तो कंपनीस लिहावयाच्या पत्राचा मायनासुद्धा डोक्यात तयार होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, ‘अहो, जेवायला येताय ना?’

दीड मिनिट उशिरा, आणि सूरही जरा चढाच होता.