'औदुंबर' समजून घेण्याची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी)

निसर्गकवितेतलं रूपक पहिल्यांदाच पकडायला निघालेल्या वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. सरावाला आपण बालकवींची 'औदुंबर' घेऊ. ती आठच ओळींची आहे, पुष्कळांनी शाळेत पाठ केलेली आहे, आणि तिचा अर्थ काय यावर मराठी समीक्षक इतकी वर्षं वाद घालत आलेत की तुम्ही काहीही म्हणालात तरी ते आधी कुणीतरी म्हटलेलं असणारच. नवशिक्याला याहून सुरक्षित जागा मिळायची नाही.

लागणारं साहित्य: कविता, बसायला जागा, चहा. पेन्सिल घेऊ नये. हातात पेन्सिल आली की माणूस अधोरेखित करतो, अधोरेखित केलं की समासात 'प्रतीक' लिहितो, आणि एकदा का 'प्रतीक' लिहिलं की पुढचं वाचायची गरज उरत नाही.

पायरी पहिली. कविता वाचण्याआधी तिचा अर्थ ठरवून टाका. यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे कवीचं चरित्र, आणि तेही शेवटाकडून वाचायचं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगाव, १८९०. मृत्यू ५ मे १९१८, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून. वय अवघं सत्तावीस. झालं काम! आता कवितेतला काळा डोह म्हणजे मृत्यू, डोहाकडे जाणारी पायवाट म्हणजे आयुष्य, आणि पाण्याकाठचं झाड म्हणजे कवी स्वतः. कविता लिहिताना आपण कसे जाणार हे कवीला ठाऊक नव्हतं, ही अडचण किरकोळ समजावी. झाडाच्या सावलीने पाण्यावर पसरलेल्या काळेपणाला त्याने गोड म्हटलंय, ही मात्र जरा अवघड बाब आहे. तिथे नजर पटकन पुढच्या ओळीवर न्यावी. तसंही आता एकच ओळ उरलेली असते.

पायरी दुसरी. अलंकार ओळखा. शाळेतले नियम आठवत असतीलच. 'सम', 'जसा', 'परी' असा शब्द मध्ये आला की उपमा. 'जणू', 'गमे', 'भासे' आला की उत्प्रेक्षा. उपमेय आणि उपमान वेगळे न राहता एकच झाले की रूपक. मुक्या वस्तूला माणसासारखं वागायला लावलं की चेतनगुणोक्ती. हे नियम हाताशी धरून आठही ओळी तपासा. जसा नाही, जणू नाही, अमुक म्हणजेच तमुक असंही कुठे म्हटलेलं नाही. रूपक शोधायला आलात आणि रूपकाचा पत्ताच नाही! शेवटच्या ओळीत झाड पाण्यात पाय सोडून बसलंय, एवढं हाती लागतं. ती चेतनगुणोक्ती; एक गुण. बहुतेक लोक इथे वही मिटतात.

तुम्हीही मिटायला हरकत नाही. पण चहा संपला नसेल तर पुढच्या पायऱ्या बघा. त्या गाईडात नसतात.

पायरी तिसरी. झाड ओळखा. हे सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण औदुंबर योग्याचं प्रतीक आहे असं बिनचूक सांगणाऱ्या कित्येकांना औदुंबर म्हणजे आपला उंबर हे सांगितल्यावर धक्का बसतो. बालकवी हे नाव ठोंबऱ्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिळालं. ते देणारे अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने डॉक्टर, हौसेने कवी आणि वनस्पतिशास्त्राचे पक्के जाणकार. बी. डी. बसूंच्या जोडीने त्यांनी केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा इंग्रजी ग्रंथ या विषयातला मोठा आधार मानला जातो. म्हणजे ज्यांनी त्र्यंबकाला बालकवी केलं त्यांना वड आणि उंबर यांतला फरक नक्कीच कळत होता. आपल्याला कळला तर कवितेचं काही नुकसान होणार नाही.

तर उंबर. ओढ्याकाठी, ओलाव्याच्या जागी आपोआप वाढणारं झाड. विहिरीची जागा बघताना जाणती माणसं आधी उंबर कुठे आहे ते बघतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगितल्या, त्यांतही उंबर आहेच. वडासारखी दाढी तो सोडत नाही. फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडतात. फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असतं. काठावर उभा असला की पावसाळ्यात पाणी मुळांखालची माती नेतं, मुळं उघडी पडतात आणि पाण्यात उतरलेली दिसतात. आता शेवटची ओळ परत वाचा. पाय पाण्यात आहेत, हे कवीने कल्पनेने रचलेलं नाही. ते दिसतंच तसं. कवीने आपल्याकडचं घातलं ते फक्त बसणं.

इथे सगळी कविता अडकलेली आहे, म्हणून या पायरीवर थोडं रेंगाळा. झाडं उभी असतात. मराठीत झाड बसत नाही. वाऱ्याने पडतं, वठतं, फार तर वाकतं. ज्याला बसवलं त्याला कवीने नुसते पाय दिले नाहीत, बसण्याइतकी फुरसतही दिली.

पायरी चौथी. कवी कुठून कुठे बघतो ते बघा. सुरुवात झऱ्याची. तो दोन्ही तीरांवर हिरवळ घेऊन बेटाबेटांतून वाहतो. मग पलीकडे टेकडीपाशी चार घरांचं गाव. मग अलीकडे शेतमळे, दाट. त्यांतून पांढरी पायवाट वेडीवाकडी निघते ती कुरणांतून काळ्या डोहाकडे. नजर सारखी जवळ येत जाते, निळ्या-हिरव्या-पांढऱ्या रंगांतून काळ्यावर पोचते, आणि आठव्या ओळीच्या अगदी शेवटी झाडाचं नाव येतं. शीर्षक माहीत नसेल तर तोपर्यंत इथे उंबर असल्याची शंकासुद्धा येत नाही.

आता क्रियापदं मोजा. झरा वाहतो. पायवाट चालते. (वाट चालत नाही, चालणारे आपण, पण ती 'जाते' असं आपण रोज म्हणतो आणि त्यात काव्य केल्याचं आपल्या मनातही येत नाही. पायथा, घाटमाथा, फुटलेली पहाट, सगळी रूपकं घासून गुळगुळीत झालेली.) सगळं कुठेतरी निघालेलं आहे आणि एकजण बसलेला आहे. कवितेतलं रूपक एका शब्दात सापडत नाही याचं कारण हे. सात ओळी चालत राहिल्या म्हणून आठव्या ओळीतलं बसणं एवढं भरतं. ती एकच ओळ कापून फळ्यावर लिहिली तर उरतो एक उंबर आणि एक चेतनगुणोक्ती.

पायरी पाचवी. दत्त. इतका वेळ टाळलं, पण ते टळणार नाही. औदुंबर म्हटलं की दत्तगुरू, आणि पाय म्हटलं की पादुका. कृष्णाकाठच्या माणसाला, नरसोबाच्या वाडीला किंवा भिलवडीजवळच्या औदुंबरला ज्याने पाण्याकाठी त्या झाडाखाली हात जोडलेत त्याला, हे जोडून दिसणारच. त्याला ते चूक आहे असं सांगायला जाऊ नये. एक तर तो ऐकणार नाही, आणि ऐकण्याचं कारणही नाही. झाडाचं नाव ज्या भाषेत घेतलं त्या भाषेत ते झाड गुरूचं आहे. कवीला पाण्याकाठी जांभूळ किंवा करंजही मिळाला असता.

एक चाचणी मात्र लावा, ती कुठल्याही निसर्गकवितेला चालते. तुम्ही लावलेला अर्थ बाजूला धरा आणि कवितेतलं झाड बदला. उंबराच्या जागी बाभूळ ठेवा. बाभूळ पाण्यात पाय सोडून बसली, की चित्रच पालटतं: झाड बाई झालं, सावली विरळ झाली, पाण्यावरचा तो दाट काळेपणा गेला. यानंतरही तुमचा 'विरक्त योगी' जसाच्या तसा जागेवर असेल, तर तो कवितेतून आलेला नाही, तुम्ही घरून आणलेला आहे. डोह बदलूनही बघा, वाट काढूनही बघा. जो अर्थ हललाच नाही तो खुशाल टाकून द्या, मग तो कितीही मोठ्या समीक्षकाचा असो.

माझं मत विचाराल तर योगी, मृत्यू आणि दत्त या तिघांपैकी दत्त सगळ्यात जास्त टिकतो, कारण त्याला निदान झाड लागतं. योग्याला कुठलंही झाड चालतं. आणि मृत्यूला झाडाची गरजच नाही, नुसता डोह पुरतो.

सूचना: ही पद्धत हायकूवर वापरू नये. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या त्या तीन ओळींच्या प्रकारात झाडाने झाड आणि पाखराने पाखरूच राहावं अशी बहुधा अपेक्षा असते. तिथे पाचव्या पायरीपर्यंत पोचलात तर पहिल्या चार चुकल्या असं समजा.

शेवटचं, परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. रसग्रहणाच्या उत्तरात यातलं काहीही लिहू नका. उंबराची मुळं, बाभूळ, क्रियापदं यांना गुण नाहीत. 'औदुंबर हे विरक्त योग्याचे प्रतीक आहे' असं पहिल्या वाक्यात लिहा, 'बालकवी हे थोर निसर्गकवी होते' असं दुसऱ्या वाक्यात लिहा, अलंकार चेतनगुणोक्ती म्हणून चौकटीत टाका आणि मिळतील तेवढे गुण घेऊन बाहेर या. कविता निकाल लागल्यावर वाचा.