कोपरपंच

ठाकुर्लीला जलद गाडी थांबत नाही. धीम्या गाडीने सीएसएमटी गाठायला सव्वा-दीड तास लागतो, आणि एवढा वेळ नुसतं लोंबकळत काढणं मराठी माणसाला जमत नाही. त्याला विषय लागतो. म्हणूनच ठाकुर्लीच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी कोपरपंच सापडतो.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. ऐन उमेदीत बावनचाळीच्या मैदानावर टेनिस बॉल खेळलेला. कांगा लीगला त्याचं नाव 'जवळजवळ गेलंच होतं'. कुठून परत आलं, ते विचारायचं नसतं. अजिंक्य रहाणे लहानपणी किटबॅग घेऊन डोंबिवलीहून लोकलने जायचा, तेव्हा त्याला बसायला जागा आपणच दिली, असाही त्याचा दावा असतो. या पट्ट्यातल्या इतक्या जणांनी हा दावा केलाय की रहाणे कधी उभा राहिला असेल असं वाटत नाही.

पण त्याचं खरं क्षेत्र म्हणजे समोरच्या संघातल्या बॉलरचा हात. डोंबिवलीनंतर गाडी कोपरला अर्धा मिनिट थांबते. हा तिथे पंचवीस वर्षं थांबलेला आहे.

मुख्य आरोपी श्रीलंकेचा मुथय्या मुरलीधरन. खटल्याची सुरुवात १९९५च्या बॉक्सिंग डे कसोटीपासून. मेलबर्नला डॅरेल हेअरने, बॉल फेकतो म्हणून, त्याला तीन षटकांत सात वेळा नो बॉल दिला. "सात वेळा!" असं म्हणताना कोपरपंच स्वतः हात आडवा करतो आणि शेजारच्याचा चष्मा थोडक्यात वाचतो. एरवी परदेशी अंपायरवर त्याचा काडीचा विश्वास नाही. १९९९ला ॲडलेडला मॅकग्राचा बॉल सचिनच्या खांद्याला लागला आणि डॅरिल हार्परने पायचीत दिलं, त्या हार्परला तो आजही घरच्या जेवणावळीत शिव्या घालतो. हार्पर चोर आणि हेअर न्यायमूर्ती. दोघेही ऑस्ट्रेलियाचेच, पण न्यायाला देश नसतो, म्हणतो.

या खटल्यातला बचाव पक्ष म्हणजे ग्रुपमधला एक चुणचुणीत पोरगा. तो मोबाइल काढून सांगतो, "काका, त्याचा हात जन्मतःच वाकडा आहे, पूर्ण सरळ होतच नाही. ऑस्ट्रेलियातच विद्यापीठात तपासलाय. २००४ला हाताला ब्रेस बांधून टीव्हीवर बॉलिंग करून दाखवली."

"टीव्हीवर सासू-सुनापण रडतात."

"आणि आयसीसीने २००५पासून सगळ्यांनाच पंधरा अंशांची सूट दिली."

"सगळ्यांना नाही रे, मुरलीला दिली. बाकीचे त्याच्या पासावर फिरतायत."

"मग बुमराह? त्याचाही हात वाकतोच की."

"तो उलट्या बाजूला वाकतो. हायपरएक्स्टेन्शन म्हणतात त्याला. देवाचं देणं!"

मुरलीला देवाने दिलं ते व्यंग, बुमराहला दिलं ते देणं. हरभजनच्या 'दुसरा'वर आयसीसीकडे तक्रार गेली, तेव्हा तर कोपरपंचाने आठवडाभर गाडीत फक्त राजकारणावर चर्चा केली. अजंठा मेंडिसचा कॅरम बॉल २००८ साली सर्कस होता. अश्विन तोच टाकू लागल्यावर त्याचा अभ्यास झाला.

सगळं दुखणं आहे शारजातलं. ऑक्टोबर २००० मध्ये मुरलीने ३० धावांत आपले ७ गडी उडवले आणि दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात भारत ५४ धावांत आटोपला. त्या ५४ मध्ये चामिंडा वासचे पाच बळी होते. पण वासचं कोपर सरळ, तिथे पंचाला काम काय? त्यामुळे तो सामनाही मुरलीच्याच खात्यावर लिहिलेला आहे.

"मग काका, त्याचे आठशे बळी रद्दच करायचे?"

"सगळे."

"शेवटचा पण? प्रग्यान ओझाचा?"

इथे कोपरपंच क्षणभर विचार करतो. "तो राहू दे. ओझाला कोणीही काढला असता."

त्याचं मन मोठं नाही असं मात्र नाही. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर, विश्वचषकाच्या फायनलला, मुरली शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. आठ षटकं, ३९ धावा, बळी शून्य. त्या रात्री धोनीने षटकार मारल्यावर कोपरपंच फटाक्यांच्या धुरात उभा राहून भरल्या गळ्याने म्हणाला, "काय बॉलर होता यार!" विकेट मिळाली नाही की कोपर आपोआप सरळ होतं, हे आयसीसीच्या एकाही प्रयोगशाळेला सापडलं नसावं.

त्याच रात्री सेहवाग आणि सचिनला काढलं होतं लसिथ मलिंगाने. तो तर हात आडवाच फिरवायचा. 'ही काय बॉलिंग आहे? धुणं आपटतोय!' असा निकाल पहिल्याच स्पेलला लागला होता. आठच दिवसांनी, १० एप्रिलला, तोच मलिंगा मुंबई इंडियन्सच्या निळ्या जर्सीत आला आणि दिल्लीविरुद्ध त्याने १३ धावांत ५ बळी घेतले. दुसऱ्या दिवशी ८.१२च्या लोकलमध्ये कोपरपंच समजावून सांगत होता की आडवा हात हीच खरी कला आहे, लोकांना शास्त्र कळत नाही. पुढे २०१९च्या आयपीएल फायनलला शेवटच्या बॉलवर चेन्नईला दोन धावा हव्या होत्या. समोर शार्दुल ठाकूर, पालघरचा, आपल्यासारखाच लोकलचे धक्के खाऊन मोठा झालेला. मलिंगाने त्याला पायचीत केलं, मुंबई एका धावेने जिंकली, आणि नव्वद फुटी रस्त्यावरच्या आपल्या बाल्कनीत कोपरपंच गॉलच्या पोरासाठी पालघरच्या पोराविरुद्ध नाचला. बायकोने विचारलं, "अहो, हा तो धुणं आपटणारा ना?" तो म्हणाला, "आपला आहे."

स्वतःच्या कोपराबद्दल तो फारसा बोलत नाही. कल्याणहून भरून आलेल्या गाडीत शिरताना ते नव्वद अंशांत उघडतं आणि एखाद्याच्या बरगडीत विसावतं. त्यावर अजून कोणी तक्रार नोंदवलेली नाही, कारण मागून येणाऱ्याचंही तसंच उघडलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात सोसायटीची अंडरआर्म स्पर्धा झाली. कोपरपंचाने टोपी उलटी घातली, बॉल चड्डीला घासला आणि असा काही सटकावला की बॅट्समनच्या आधी पाण्याची टाकी दणाणली. अंपायर म्हणून उभ्या केलेल्या सातवीतल्या मुलाने हात आडवा केला. "नो बॉल! काका, फेकलात!"

"पंधरा अंश चालतात रे! आयसीसीचा नियम आहे, वाचत जा जरा."

"काका, अंडरआर्म आहे. तुमचा हात डोक्यावरून आला."