मॅच न बघणारे अण्णा

लोणावळ्याहून सकाळी पुण्याला निघणाऱ्या लोकलच्या प्रत्येक डब्यात एक अण्णा असतात. खरं नाव काहीही असो. खिडकीची जागा धरलेली, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि मांडीवर मोबाइल. मळवलीला बाकीचे लोक कार्ल्याच्या डोंगराकडे बघून एकवीरेला हात जोडतात. अण्णाही जोडतात, पण नजर मोबाइलमध्ये. अमेरिकेतल्या रात्रीच्या बास्केटबॉलच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी संपतात आणि त्यांचा बॉक्स स्कोअर तळेगावच्या आत वाचून व्हायला हवा. तळेगावला गर्दी चढते, मग रिबाउंडच्या रकान्यावर कुणाचं तरी कोपर येतं.

वाचतात तो बॉक्स स्कोअर, मॅच बघत नाहीत. "मॅचमध्ये बघायचं काय? दहा जण पळत असतात," असं त्यांचं म्हणणं. कोण किती मिनिटं खेळला, किती वेळा चेंडू टाकला, त्यातले किती पडले, कुणी पास देऊन दुसऱ्याकडून बास्केट करवली, कुणी चेंडू हिसकावला, कुणी हातातला घालवला, सगळं एका पानात बसतं. "आणि पान ओरडत नाही," हे वर.

अण्णा मूळचे क्रिकेटचे. त्यांना तसं व्हावंच लागतं, कारण गहुंजेचं स्टेडियम आपल्या मावळ तालुक्यात. पुणेकर त्याला पुण्याचं मैदान म्हणतात तेव्हा अण्णांच्या कपाळाला आठ्या पडतात. वडगाव स्टेशन गेलं की ते नवख्या प्रवाशाला घरच्या मैदानावरचा हिशोब ऐकवतात. जानेवारी 1779, वडगाव, पाहुणा संघ ईस्ट इंडिया कंपनी: यजमान विजयी, पाहुण्यांनी तहावर सह्या केल्या. फेब्रुवारी 2017, गहुंजे, पाहुणे ऑस्ट्रेलिया: यजमान 105 आणि 107, हार 333 धावांनी. ऑक्टोबर 2019, दक्षिण आफ्रिका: कोहली नाबाद 254, एक डाव आणि 137 धावांनी जीत. ऑक्टोबर 2024, न्यूझीलंड: सँटनरचे 13 बळी, 113 धावांनी हार. "म्हणजे दोन-दोन. मालिका बरोबरीत आहे." एकदिवसीय सामने यात का नाहीत, असं एका पोराने विचारलं. अण्णा म्हणाले, "वडगावची लढाई काय मर्यादित षटकांची होती?"

त्या 2017 च्या कसोटीत सगळा देश हळहळत असताना अण्णांचा चेहरा उजळला होता म्हणतात. स्टीव्ह ओकीफने पहिल्या डावात 35 धावांत 6 बळी घेतले आणि दुसऱ्या डावातही बरोबर 35 धावांत 6. अण्णांनी दोन्ही ओळींखाली लाल पेनाने रेघ ओढली. देशप्रेम निळ्या पेनात असतं.

मग क्रिकेट सुटलं कसं? सुटलं नाही, पण त्यात अण्णांना एक अन्याय दिसू लागला. शतकवाल्याचं नाव होतं, समोरच्या टोकाला उभं राहून त्याला स्ट्राइक देत राहणाऱ्याचा रकानाच नाही. बास्केटबॉलमध्ये असिस्टचा रकाना पाहिला आणि अण्णा विरघळले. देणाऱ्याचीही नोंद ठेवणारा खेळ! (आमच्या आळीत देणगीदारांची पाटी असते, वर्गणी गोळा करत फिरणाऱ्या पोरांची नसते. अण्णांचा मुद्दा मला पटतो, फक्त त्यांना तसं सांगायची सोय नाही. सांगितलं की पुढचा तास गेला.)

त्यांचं दैवत विल्ट चेंबरलेन. 2 मार्च 1962, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव, एकट्याचे 100 गुण. चेंडू टाकले 63, पडले 36, त्याचे 72; फ्री थ्रो 32 पैकी 28; बेरीज करून बघा. मैदानात 4124 प्रेक्षक, आणि मॅचचं चित्रीकरण कुठेही नाही. यावर अण्णांचा आवाज चढतो. "जगातली सगळ्यात मोठी मॅच कुणालाच बघता येत नाही. शिल्लक काय राहिलं? स्कोअरशीट!" त्या रात्री संघाचा आकडेतज्ज्ञ हार्वी पोलॅक याने कागदावर 100 लिहून तो चेंबरलेनच्या हातात दिला आणि फोटो काढला गेला. सगळे त्या फोटोत चेंबरलेनला बघतात. अण्णा अक्षर बघतात.

दुःखही आहे. चेंबरलेन 1973 मध्ये थांबला आणि एनबीएने ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती 1973-74 च्या हंगामापासून. इतक्या उंच माणसाने आयुष्यभर अडवलेले चेंडू अधिकृत खात्यात शून्य! घरातल्या कर्त्या माणसाचं पेन्शन अडकावं तसे अण्णा यावर उसासे टाकतात.

एनबीएचे संघ मुंबईत आले, 2019 च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो खेळले, पहिली मॅच जादा वेळेत 132-131 अशी सुटली. मुंबई गाडीने काही तासांवर. अण्णा गेले नाहीत. सराव सामने होते, त्यांचे आकडे कारकिर्दीत धरत नाहीत.

त्यांना सगळ्यात आवडते ती स्कोअरशीटवरची शेवटची ओळ. ज्याला कोचने उतरवलंच नाही, त्याच्या नावापुढे गुण नसतात, शून्यही नसतं. लिहिलेलं असतं: डीएनपी, कोचचा निर्णय. खेळला नाही, एवढंच. "शून्य म्हणजे नापास. हा परीक्षेलाच बसला नाही. फरक कळतो का?" कळतो, अण्णा.

यंदा आषाढात त्यांच्या खाचरात इंद्रायणीची लावणी होती. सकाळपासून धो धो पाऊस. बायका ओळीने वाकलेल्या, पोरं रोपांच्या मुठी फेकताहेत, आणि अण्णा बांधावर इरल्याखाली लांबट वही घेऊन. रकाने आखलेले: लावलेल्या मुठी, दिलेल्या मुठी, वाया गेलेल्या मुठी, चहा. दुपारी त्यांनी जाहीर केलं की सगळ्यात जास्त असिस्ट धाकट्या पुतण्याचे आहेत, जो सकाळपासून कामचुकार ठरवला गेला होता. पोरगं फुगलं. थोरल्या सुनेच्या नावापुढे चहाचा रकाना भरलेला निघाला आणि वातावरण तापलं.

वहिनी गुडघाभर चिखलातून वर आल्या. हात पदराला पुसले, वही घेतली आणि सगळी पानं शांतपणे चाळली. "अहो, यात तुमचं नाव कुठंय?"

"मी नोंदी ठेवतोय."

"असं कसं? संघात आहात ना?" त्यांनी अण्णांच्या खिशातलं लाल पेन काढलं, सगळ्यात खाली अण्णांचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं: डीएनपी, कोचचा निर्णय.