पहिले बारा आठवडे

चंदीगडचा सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. दुकान, दवाखाना, बाग, शाळा, सगळं त्याच्या आत. वेगाने धावणारे रस्ते बाहेरून, घरांच्या पाठी त्यांच्याकडे. शाळा बऱ्याचदा मधल्या हिरव्या पट्ट्यात. १९५० च्या दशकात ल कॉर्बुझिए, पिएर जानरे, जेन ड्र्यू आणि मॅक्सवेल फ्राय यांनी जे शहर आखलं, त्यात लहान मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचावं हा विचार होता. मुलाच्या पावलांचा एवढा विचार केलेलं दुसरं शहर आपल्या देशात मला तरी माहीत नाही.

त्याच शहरात आज शाळा भरायच्या वेळी सेक्टर २६ च्या रस्त्यांवर गाड्या अडकून पडतात. नावाजलेल्या खासगी शाळा तिथे एकमेकींना लागून आहेत आणि मुलं साऱ्या शहरातून येतात. घराशेजारची सरकारी शाळा चालत दहा मिनिटांवर असते, पण चालत जायचं कोणाला? पालकांना ‘चांगली’ शाळा हवी. चांगली म्हणजे काय, हे विचारलं की दहावीचे निकाल, इंग्रजी, इमारत अशी उत्तरं येतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे तिथले पहिले दिवस कसे जातात, हे त्यात नसतं.

इथे डिसेंबरात अर्ज, जानेवारीत सोडत. अर्ज जास्त आले की चिठ्ठी टाकायची. ही पद्धत चांगली आहे, हे मी ठामपणे म्हणेन. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० पर्यंत. इवल्या मुलाला ‘सफरचंदाचा रंग कोणता’ विचारून नापास करणाऱ्या मुलाखतीपेक्षा चिठ्ठी कितीतरी न्यायाची.

पण चिठ्ठी निघाली, फी भरली, की पालक आणि शाळा दोघंही गप्प होतात. एप्रिलमध्ये वर्ग सुरू होतो. मूल रडतं. ‘दोन दिवसांत सवय होईल’ असं सांगून फाटक लावलं जातं. सवय होतेही. रडणं थांबतं आणि त्याबरोबर विचारणंही थांबतं. घरी दिवसभर ‘हे का, ते कसं’ करणारं पोर वर्गात महिनोन्महिने एकही प्रश्न विचारत नाही आणि आपण म्हणतो, रुळलं.

याच मुलाला सहावी-सातवीत गेल्यावर आपण विचार करायला शिकवणार. देशभरातल्या अनेक खासगी शाळांत आता त्यासाठी वेगळा तास असतो, पुस्तकं असतात, बाहेरून प्रशिक्षक येतात. विचार करायला शिकवण्याच्या पद्धती बनवणारे एडवर्ड डी बोनो यांच्या सहा रंगांच्या टोप्या, प्रत्येक रंग म्हणजे विचाराची एक तऱ्हा, त्या तर अनेकांच्या परिचयाच्या. त्या टोप्यांचं पुस्तक १९८५ चं. त्याआधीच त्यांनी शाळांसाठी छोटी छोटी साधनं बनवली होती. त्यातलं सर्वात सोपं असं: एखादी कल्पना समोर आली की आधी तिच्या जमेच्या बाजू शोधायच्या, मग उण्या, मग नुसत्या कुतूहलाच्या. ऑस्ट्रेलियातल्या दहा-अकरा वर्षांच्या ३० मुलांचा किस्सा ते सांगत. शाळेत येण्याबद्दल दर आठवड्याला पैसे मिळाले तर? तीसही मुलं खूश. मग त्यांना गटांत बसवून तिन्ही बाजू बघायला लावल्या. मोठी मुलं पैसे हिसकावतील, आईबाबा खाऊचे पैसे बंद करतील, हे पैसे येणार कुठून, असं निघत गेलं. शेवटी २९ जणांनी मत बदललं. शिक्षकांनी कुठलीच बाजू मांडली नव्हती. व्हेनेझुएलाने तर १९७९ मध्ये बुद्धिविकासासाठी स्वतंत्र मंत्री नेमला आणि ही साधनं देशभरच्या शाळांत नेली.

साधन चांगलं आहे. माझं भांडण ते कधी आणि कुठे हातात देतो याच्याशी आहे. डॅनियल विलिंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये एका लेखात दाखवलं होतं की विचार करण्याचं कौशल्य सुटं शिकवता येत नाही. ते विषयाला चिकटून असतं. गणितातली युक्ती इतिहासात आपोआप पोचत नाही. म्हणजे शुक्रवारच्या शेवटच्या तासाला टोप्या घालायच्या आणि सोमवारी विज्ञानाची उत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची, तर त्या टोप्या शुक्रवारच्याच राहणार.

त्यात भाषेची गाठ आहे. चंदीगड या केंद्रशासित प्रदेशाची राजभाषा इंग्रजी. २०११ च्या जनगणनेत इथल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी हिंदी आणि पाचातल्या एकाहून अधिकांनी पंजाबी मातृभाषा सांगितली. मौली जागरां, धनास, मलोया इथल्या मजुरांच्या घरांत भोजपुरी आणि अवधीही ऐकू येते. पीजीआय रुग्णालयात किंवा सीएसआयओ या संशोधन संस्थेत नोकरीला आलेल्या मराठी घरातलं मूल अंगणात पंजाबी, बाजारात हिंदी, घरात मराठी बोलतं आणि वर्गात इंग्रजीच्या पुढ्यात मुकं बसतं. ज्या भाषेत मुलाला ‘मला हे पटत नाही’ एवढं म्हणता येत नाही, त्या भाषेत त्याला चिकित्सा शिकवायची, हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

यावर महाराष्ट्रात फार पूर्वी उत्तर शोधलं गेलंय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. पोरं येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ वस्तीवर गेल्या आणि अंगणातच शाळा भरवली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथलं. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून शिक्षकच कुरणात गेले. कुरणशाळा ती. दगड, पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. मोजायचं, लावायचं, वेगळं करायचं, का ते सांगायचं. वर्गीकरण, तुलना, कारण: विचाराची साधनं हीच आणि ती मुलाच्या स्वतःच्या बोलीत. मूल शाळेसाठी तयार आहे का, हे त्या दोघींनी विचारलंच नाही. शाळा मुलासाठी तयार आहे का, याची काळजी त्यांनी वाहिली.

सरकारला हे कळत नाही असं नाही. जुलै २०२१ मध्ये ‘विद्या प्रवेश’ आलं: पहिलीच्या सुरुवातीला बारा आठवडे, रोज चार तास, खेळातून शाळेची ओळख. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात, ‘पहिले पाऊल’ नावाने. आयांचे गट करून घरी काय खेळायचं याची कार्डं वाटतात. जिथे मुख्याध्यापक मनावर घेतात, तिथे हे उत्तम चालतं. जिथे घेत नाहीत, तिथे फुगे लावून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर ‘अ’ गिरवायला बसवतात. ते पाहिलं की चीड येते.

चंदीगडकडून मात्र माझी अपेक्षा जास्त आहे. केंद्राच्या शालेय प्रतवारीत ते वरच्या क्रमांकावर असतं. शहर आटोपशीर आहे. मुख्य म्हणजे प्रवेशाचं वेळापत्रक प्रशासन एकत्र काढतं आणि खासगी शाळांना जागा, फी, निकष आधी जाहीर करावे लागतात. मग त्याच यादीत चार ओळी वाढवाव्यात. पहिल्या बारा आठवड्यांत वर्गात काय होणार? मुलाच्या घरच्या भाषेत बोलणारं माणूस वर्गात असेल का? सुरुवातीचे काही दिवस आई, बाबा किंवा आजी आत बसू शकतील का? किती महिने हातात पेन्सिल दिली जाणार नाही? शाळेने हे लेखी द्यावं आणि पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी वाचावं. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल भीतीतून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणी मांडता यावं, हे २००९ पासून लिहिलेलं आहे. येत्या डिसेंबरचं परिपत्रक निघायच्या आधी चंदीगडच्या पालकांनी शिक्षण विभागाकडे एवढी एक मागणी लावून धरावी.