बरोबरची खूण खोडा

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. पुस्तकांच्या दुकानांत पुढे शाळकरी मुलांचे आईबाप आणि आत स्पर्धा परीक्षांच्या कप्प्यापाशी खेड्यापाड्यांतून आलेली विशीतली पोरं. त्यातलंच इंग्रजी समानार्थी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक परवा उघडलं. एका ओळीत छापलेलं : सराउंड, बरोबर एन्सर्कल, बरोबर एन्क्लोज, बरोबर एन्व्हेलप, बरोबर बिसीज. पुढे रॅप आणि श्राउडही त्याच माळेत ओवलेले. सगळ्यांना मिळून मराठी अर्थ एकच, 'वेढणे, गुंडाळणे'. उदाहरणाचं एक वाक्य नाही. लगेच पुढचा शब्द.

याला शिकवणं म्हणत नाहीत. ही पोरांची फसवणूक आहे.

हे पुस्तक घेणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा कोरडवाहू शेती असते. खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी भागवून उरलेल्या पैशांतून तो ते घेतो आणि रात्री जागून घोकतो. परीक्षेत मात्र प्रश्न वेगळाच येतो. बँकेच्या पेपरात उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात, म्हणजे कोणता शब्द तिथे बसतो ते ओळखायचं असतं. ज्याला हे सातही शब्द सारखे म्हणून शिकवले, त्याने पर्याय निवडायचा कशाच्या जोरावर? शेताभोवतीच्या कुंपणाच्या वाक्यात त्याने 'बिसीज' भरलं, तर त्याला दोष देता येणार नाही.

आणि गंमत नव्हे, दुःख हे आहे की याच पोराला हे सगळं आधीपासून येतं. त्याला मराठीत विचारून पाहा. भाकरी फडक्यात? गुंडाळली. शाल? पांघरली. लुगडं? नेसलं. फेटा? बांधला. मळ्याला कुंपण? घातलं. तान्ह्या बाळाला दुपट्यात? गुंडाळलं किंवा लपेटलं. 'फेटा नेसला' असं शेंबडं पोरसुद्धा म्हणत नाही. काय, कशाने, कोण आणि कशासाठी वेढतंय, हे बघून क्रियापद बदलतं, ही समज त्याच्या हाडीमाशी खिळलेली असते. इंग्रजीचा तास सुरू झाला की ती दाराबाहेर ठेवायला आपण सांगतो.

आपल्याच शहराचं बघा. १६३३ मध्ये शाहजहानच्या फौजेने महाबतखानाच्या हाताखाली शेजारच्या दौलताबादच्या किल्ल्याला वेढा दिला आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याला किल्ला सोडावा लागला. पुढे १६८२ मध्ये औरंगजेबाने आपल्या या शहराभोवती कोट बांधवला. दोन्ही वेळा भोवती कडं पडलं. पण एकदा शत्रूने बाहेरून टाकलं, आतल्यांची रसद तोडायला. दुसऱ्यांदा राज्यकर्त्यानेच घातलं, आतल्यांना सांभाळायला. पहिलं बिसीज, दुसरं एन्क्लोज. या दोघांत बरोबरची खूण घालणाऱ्याने दौलताबाद एकदा चढून यावं. 'सीज' या शब्दाचा मूळ अर्थ आसन, बैठक. फौज तळ ठोकून बसते, जशी मोगली फौज जिंजीपुढे आठेक वर्षं बसली. मराठीतही आपण 'वेढा देऊन बसले' असंच म्हणतो. एवढं एक वाक्य वर्गात सांगितलं, तर तो शब्द पोर जन्मात विसरणार नाही. एन्क्लोज तर त्याच्या रोजच्या वापरातला. नोकरीच्या अर्जाखाली तो 'सोबत जोडलेली कागदपत्रे' लिहितो, तेच एन्क्लोजर. पाकिटाच्या आत, बंदिस्त.

एन्व्हेलप म्हणजे सगळीकडून झाकोळून टाकणं. धुकं डोंगराला असं वेढतं, धूर घराला. तिथे हात किंवा दोरी नसते. पत्राच्या पाकिटाचं नाम याच घराण्यातलं, पण त्याच्या शेवटी एक 'ई' जास्त आणि उच्चाराचा जोर पहिल्या अक्षरावर. क्रियापदात तो दुसऱ्यावर. श्राउड जुन्या इंग्रजीत नुसतं वस्त्र होतं, नंतर ते प्रेतावरचं वस्त्र झालं. म्हणून गूढ, धुकं, शोक यांच्यासोबत ते शोभतं. वाढदिवसाची भेट कुणी 'श्राउड' करून दिली असं लिहिलं, तर तिच्यावर कफन घातल्यासारखं होईल. सराउंडची कुळकथा पाण्याची. लॅटिनमध्ये ते भरून वाहणं, वरून वाहणं होतं. 'राउंड'शी साम्य दिसलं आणि पुढे अर्थ भोवती फिरण्याकडे वळला. २००६ साली जायकवाडी धरणाचं पाणी सोडल्यावर पैठणमध्ये पूर आला, तो ज्यांनी पाहिला त्यांना हा शब्द वेगळा समजवावा लागणार नाही.

जोड्या एकास एक जुळत नाहीत, हेही सांगायला हवं. आपलं 'वेढणे' शत्रूलाही चालतं, धुक्यालाही आणि आगीलाही. इंग्रजी तिथे तीन शब्द काढते. उलट त्यांचं रॅप आपल्या गुंडाळणे, लपेटणे, पांघरणे या तिघांवर पसरतं. शिकवायचं ते हेच. दोन्ही भाषांची वीण कुठे जुळते आणि कुठे सुटते, हे ज्याला दिसलं त्याची दोन्हींवर पकड बसते.

समानार्थी शब्दांची जी मूळ इंग्रजी पुस्तकं, तीही अशी नव्हती. जॉर्ज क्रॅबने १८१६ मध्ये पुस्तक काढलं ते जवळच्या शब्दांमधला फरक सांगायला. पीटर रॉजे या डॉक्टराने १८५२ मध्ये शब्द कल्पनांच्या गटांनी मांडले, ते लिहिणाऱ्याला नेमका शब्द निवडता यावा म्हणून. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात एकेका क्रियापदाच्या छटा उलगडलेल्या आहेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो आज फुकट शोधता येतो. मोबाइल तर पोरांच्या खिशातच आहे, फक्त कुणीतरी दाखवायला हवं.

आणि हे औरंगपुऱ्यातच घडावं, याची जास्त चीड येते. निजामाच्या राजवटीत सरकारदरबारची भाषा उर्दू होती. त्या काळात, १९१५ मध्ये, इथे सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था उभी राहिली. मुलाला त्याच्या भाषेतून शिकता यावं म्हणून या भागातल्या माणसांनी हाल सोसले. त्यांच्या नातवंडांना आज आपण सांगतो की इंग्रजी यायची असेल तर मराठी विसरा. चूक आहे हे, साफ चूक.

तेव्हा क्लासवाल्या सरांनो, उद्याच्या तासाला फळ्यावरची बरोबरची खूण पुसा आणि प्रत्येक शब्दापुढे कोण, काय, कशाने वेढतंय ते पोरांकडून मराठीत वदवून घ्या. आणि पोरांनो, पुस्तक घेण्याआधी कोणतंही एक पान उघडा. शब्दापुढे वाक्य नसेल, तर ते कप्प्यात परत ठेवा. पैसे कष्टाचे आहेत.