अस्वलाला कोणतं पिस्तूल चालेल?

अस्वलासाठी कोणतं पिस्तूल घ्यावं, याबद्दल रत्नागिरीत कोणाचं काही मत असायचं कारण नाही. आमच्याकडे पिस्तूल नाही, आणि अस्वल असलंच तर ते पार तिकडे सह्याद्रीच्या कड्याकपारीत. पण ज्या गोष्टीशी आपला काडीचा संबंध नाही तिच्यावर सर्वांत ठाम बोलायचं, ही आमच्या गावची जुनी शिस्त. त्यामुळे माझ्या भाच्याने मोंटानाहून फोन करून हा प्रश्न टाकला, तेव्हा पडवीत बसलेल्यांपैकी एकानेही ‘मला यातलं कळत नाही’ असं म्हटलं नाही.

भाचा बोझमनला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातली मंडळी ऑक्टोबर सरता सरता डोंगरात एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा परदेशात स्थायिक झालेला चुलतभाऊ. यंदा त्यांनी यालाही बरोबर घेतलं. लहानपणी हा पोरगा सुट्टीत आला की गोठ्यातल्या रेडकाला भिऊन माझ्या धोतराआड लपायचा. पण अमेरिकेत माणूस बदलतो म्हणतात.

“मामा, एल्कसाठी रायफल आहे. पण ग्रिझलीसाठी कमरेला काय लावू?”

प्रश्न रास्त होता. मारलेलं जनावर सोलत बसलं की वासावर अस्वल येतं, आणि त्या वेळी हातात असते सुरी, रायफल असते झाडाला टेकवलेली. तिकडचे जाणकार तर सांगतात, काही अस्वलं बंदुकीचा आवाज ऐकून पळत नाहीत, उलट आवाजाच्या रोखाने निघतात. बार झाला म्हणजे पान मांडलं, एवढं त्यांना उमगलेलं असतं.

भाच्यापुढे दोन स्थळं होती. पहिलं चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर. १९५५ पासूनचं नावाजलेलं घराणं, गोळ्या सहा, वजन सव्वा किलोच्या आसपास, स्वभाव तापट. झाडलं की मनगटापासून खांद्यापर्यंत सगळ्यांना कळतं. दुसरं दहा एमएमचं पिस्तूल. गोळ्या पंधरा, वागायला जरा सौम्य, आणि शिफारस भारदस्त: ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी हिमअस्वलासाठी हेच बाळगते. पडवीतल्या आमच्या आबांनी दोन्हीकडची माहिती शांतपणे ऐकली आणि विचारलं, “दुरुस्तीला कुठे देतात?”

हा सगळा सल्ला माझ्याकडे मागायचं कारण म्हणजे आमच्या घरातली ठासणीची बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक असा स्वच्छ उल्लेख आहे, आणि आमची त्यातलीच. परवाना वडिलांकडून माझ्याकडे आला. सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं की ते वारसाकडे सोपवता येतं. सातबाऱ्यावर नाव चढवण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं. टिळकांच्या गावात घरात बंदूक असणं हे एक वेगळंच समाधान आहे. १८७८ साली लिटनसाहेबाने शस्त्रांचा कायदा आणला तेव्हा टिळक विशीत होते. त्यानंतर साहेब गेला, परवाना राहिला.

तर आमची बंदूक. आधी नळी पुसायची. मग शिंगातून बेताची दारू ओतायची. ‘बेताची’ म्हणजे किती, हे वडिलांना ठाऊक होतं. त्यावर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, मग दुसरा बोळा, पुन्हा गज. मग घोडा अर्धा ओढून खालच्या निप्पलवर तांब्याची टोपी बसवायची. ती हमखास बोटांतून सुटते आणि पाचोळ्यात पडते. ती सापडली की पूर्ण घोडा ओढायचा, नेम धरायचा, आणि देवाचं नाव घेऊन चाप दाबायचा. पावसाळ्यात यानंतर ‘टिच्च’ एवढाच आवाज येतो. हवा कोरडी असली तर मोठा बार होतो, धुराचा ढग उठतो, आणि धूर निवळेपर्यंत रानडुक्कर शेजाऱ्याच्या भातात गेलेलं असतं. आमच्या दृष्टीने हे यशच.

ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने धावतं, असं भाच्याने सांगितलं. माझी ठासणी पुरी होईस्तोवर ते मारुती मंदिराहून एसटी स्टँडला पोचेल आणि लांज्याच्या गाडीत जागाही धरेल.

शिवाय ही बंदूक बारा महिने घरात असते असंही नाही. निवडणूक लागली की हत्यारं जमा करण्याची नोटीस येते. २०२४ ला लोकसभेचं मतदान आमच्याकडे ७ मे रोजी झालं. मे महिन्यात कोकणात झाडावर काय असतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. बंदूक पोलीस ठाण्यात टेकून उभी, आणि इकडे वानरांची टोळी हापूसचा एकेक चावा घेऊन पुढच्या फळाकडे. एक फळ पुरतं खाल्लं तर माणसाला एवढं वाईट वाटणार नाही. नोव्हेंबरात विधानसभा आली, तेव्हा ती पुन्हा गेली. वानरांना आता मतदार यादी पाठ असावी.

पडवीत मग असा विषय निघाला की, समजा, अस्वल इथेच आलं तर? हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. कोयना-चांदोलीच्या जंगलात अस्वल आहे, आणि २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द आपल्या जिल्ह्यालाही शिवते. अस्वलाला हद्दीचे खांब वाचता येत नाहीत. आपलं अस्वल ग्रिझलीच्या निम्म्याहून लहान, वाळवी आणि मध यांवर खूश. पण अचानक समोर आलं की थेट तोंडावर येतं. मेळघाट-चंद्रपूरकडच्या लोकांना विचारा, ते वाघापेक्षा त्याला जास्त वचकून असतात.

बरं, त्याच्यासाठी पिस्तूल घ्यायचं म्हटलं तर भाच्याची दोन्ही स्थळं आपल्याकडे जुळत नाहीत. सामान्य नागरिकाला परवाना मिळालाच तर धाव बहुधा बत्तीस बोअरपर्यंत. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर काढलं, खास महिलांसाठी. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. त्याने अस्वल थांबेल की नाही हा वादाचा मुद्दा आहे, पण चिडेल यात वाद नाही.

आणि त्यापुढे १९७२ चा वन्यजीव कायदा. अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने मारलंत तर गुन्हा नाही, इतपत कायदा दयाळू आहे. पण त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल, म्हणजे पारधीला गेला असाल, तर ही सवलत बाद. अस्वलाने आधी चौकशी केली पाहिजे असा अर्थ मी काढला. आणि मेलेलं अस्वल सरकारच्या मालकीचं. भिंतीवर तोंड लावायचं स्वप्नसुद्धा नको.

एवढ्या चर्चेत एक माणूस गप्प होता. आमच्या बागेचा राखणदार, नेपाळी. हंगामात रत्नागिरीच्या बागा हीच मंडळी राखतात. हातात गलोल, खिशात खडे, जवळ बडवायला रिकामा पत्र्याचा डबा. त्याच्या गावी अस्वल येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पडवीत खऱ्या अस्वलाला पाहिलेला एकमेव इसम दाराशी चहा पीत उभा होता, आणि आम्ही त्याला सिरियस तुकडीबद्दल सांगत होतो.

“तू काय केलंस रे?” आबांनी विचारलं.

“मी डबा वाजवला.”

“मग?”

“मग तो गेला. तो गेल्यावर मी पण गेलो.”

फोनवर भाचा हे सगळं ऐकत होता. त्यानेच मग सांगितलं, की अलास्कात अस्वलांशी गाठ पडल्याच्या २६९ प्रसंगांचा एक अभ्यास २०१२ साली छापून आलाय: सगळ्यांकडे बंदुका होत्या, पण ज्यांनी झाडल्या आणि ज्यांनी नुसत्या बाळगल्या, त्यांच्या दुखापतीत फरक आढळला नाही. हे ऐकून मला आमच्या बंदुकीविषयी एकदम आदर वाटला. ती वर्षानुवर्षं नुसती बाळगली जाण्याचंच काम करते.

“त्यापेक्षा स्प्रे बरा म्हणतात मामा. डब्यातून फवारा मारायचा, अस्वल खोकत परत जातं.”

“कसला स्प्रे?” स्वयंपाकघरातून हिने विचारलं.

“मिरचीचा, मामी.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. ही पदराला हात पुशीत बाहेर आली आणि माझ्या हातून फोन घेतला. आतापर्यंतची सगळी चर्चा बोअर आणि वजन यांवर चालली होती. आता जाणकार माणूस बोलायला लागला. मिरची कुठली, देठासकट कुटलेली की देठ काढून, तेल किती घातलंय. ब्याडगी असली तर नुसता रंग येईल, अस्वल लाल होईल, बाकी काही नाही. ठसका हवा तर लवंगी, आणि संकेश्वरी निम्मी. भाचा तिकडे डब्यावरचं लेबल वाचून दाखवत होता आणि ही नापसंतीने मान हलवत होती.

शेवटी त्याने दहा एमएमही घेतलं आणि स्प्रेही घेतला. एल्क दिसलं नाही, अस्वल दिसलं नाही. परतताना गाडीत कोणाचा तरी बूट स्प्रेच्या खटक्यावर पडला, आणि चार धट्टेकट्टे शिकारी हायवेच्या कडेला डोळे चोळत, शिंकत, एकमेकांना आधार देत बसले. पिस्तुलाचा उपयोग झाला नाही.

राखणदाराने फोनवरचा त्या डब्याचा फोटो बराच वेळ न्याहाळला. “साहेब, हे वानरांसाठी मागवता येईल?”

विमानात नेऊ देत नाहीत, असं मी सांगितलं. किंमत? चाळीस-पन्नास डॉलर. त्याचे रुपये किती, हे त्याने बोटांवर मोजून पाहिलं, फोन परत दिला, आणि म्हणाला, “मग गलोलीचं रबर तेवढं नवीन आणा.”